चारशे यार्डांवरचं नेट जातं तेव्हा

(या भागाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)



आजची गोष्ट दोन इमारतींची आहे. एक टेकडीवर, एक टेकडीच्या पायथ्याशी. मधलं अंतर चारशे यार्ड, म्हणजे साधारण ३६५ मीटर. एखाद्या मोठ्या रेल्वे प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्याएवढं. गाव कॅलिफोर्नियातलं बर्कली, महिना ऑक्टोबर, साल १९८६. टेकडीवर लॉरेन्स बर्कली लॅबोरेटरी, खाली कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली कॅम्पस. दोन्हीकडे कॉम्प्युटर, मधे नेटवर्क. आणि एके दिवशी या नेटवर्कचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून घसरला तो थेट ४० बिटवर आला. चाळीस हजार नाही हं. नुसते चाळीस.

हे आकडे नुसते कानावरून जातात, म्हणून जरा हिशेब करू. एका इंग्रजी अक्षराला ८ बिट धरले तर आधी सेकंदाला ४ हजार अक्षरं जात होती, आता ५. तीन हजार अक्षरांचं पत्र आधी पाऊण सेकंदात पोचायचं, त्याला आता दहा मिनिटं. दहा मिनिटांत माणूस कागद हातात धरून टेकडी उतरून येतो आणि वर चहाची ऑर्डरही देतो. आणि तुम्ही आत्ता ग्रुपवर टाकलात तो दोन एमबीचा फोटो? त्या वेगानं साडेचार दिवस.

वायर तुटलेली नव्हती. मधली यंत्रं सुरू होती. दोन्हीकडचे कॉम्प्युटर अगदी प्रामाणिकपणे कामाला लागलेले होते. तरी हे झालं, आणि एकदा होऊन थांबलं नाही. अशा घटनांची पुढे मालिकाच सुरू झाली. नेट मधेच कोलमडायचं, मधेच सावरायचं. आज तुमच्या हातातला फोन जगभरच्या कोंडीतून वाट काढतो ना, त्यामागचे नियम या चारशे यार्डांवर शिकलेले आहेत.

पण बर्कलीला जायच्या आधी मला एक कबुली द्यायची आहे.

२००८ साली मी एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात नेटवर्क सांभाळायचे. पहिलीच नोकरी. कॉलेजचं नाव नको, त्यातली बरीच माणसं अजून तिथेच आहेत. ऑफिसची इमारत मैदानाच्या एका बाजूला, लायब्ररी आणि परीक्षा विभाग दुसऱ्या बाजूला. मधून फायबर टाकलेली. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरमधून आलेला उजेड तांब्याच्या तारेतल्या विजेच्या इशाऱ्यांत बदलणारा छोटासा डबा. सकाळी साडेनऊला मी पोचायचे तेव्हा सगळं झकास असायचं. अकरा वाजले, खिडकीवर परीक्षेच्या फॉर्मची रांग लागली, की फोन यायचा, "मॅडम, नेट गेलं." मी मैदान ओलांडून धापा टाकत पोचायचे तोवर नेट आलेलं असायचं. तिथले क्लार्क माझ्याकडे असे बघायचे की जणू मीच खिशातून घेऊन आले. परत ऑफिसात येऊन खुर्चीवर टेकले की पुन्हा फोन.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, कायमचं गेलेलं नेट हे सुख असतं. ते सापडतं. जाऊन-येऊन असणारं नेट म्हणजे डॉक्टरांच्या दारात पोचलं की थांबणारी दाढदुखी.

अशा वेळी पहिला संशय वायरवर जातो, आणि मग वायर टाकणाऱ्या माणसावर. ही फायबर टाकणारे काका गावातलेच होते, एकटे काम करणारे. त्यांना तीनदा बोलावलं. त्यांनी पदरचे पैसे घालून दोन्ही टोकं पुन्हा जोडली, कन्व्हर्टर बदलून पाहिला. फरक शून्य. शेवटी कॉलेजनं त्यांचं उरलेलं बिल अडवून धरलं, "आधी लाइन नीट करा, मग पैसे." आणि दोष लाइनमध्येच आहे असं सहीनिशी लिहून देणारी व्यक्ती मी होते. पुढचं शेवटी सांगते.

त्या दिवसांत माझ्याकडे एकच हत्यार होतं, पिंग. त्याचा इतिहास इथे सांगितलाच पाहिजे, कारण तो आपल्याच विषयातला आहे. अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस नावाचे प्रोग्रॅमर होते. डिसेंबर १९८३ मध्ये त्यांच्या नेटवर्कचं असंच काहीतरी विचित्र चाललं होतं. म्यूस यांनी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. समोरच्या कॉम्प्युटरला हाक मारायची, त्यानं ओ दिली की किती वेळ लागला ते मोजायचं. पाणबुडीवाले पाण्यात आवाज सोडतात आणि तो आदळून परत येण्याची वाट बघतात, त्या आवाजावरून नाव ठेवलं पिंग. चाळीस वर्षं होऊन गेली, अजून जगात कुठेही नेट अडलं की पहिली कमांड हीच मारली जाते.

म्यूस यांनी स्वतः सांगितलेला एक किस्सा तर मला फार आवडतो. एका नेटवर्क सांभाळणाऱ्यानं त्यांना तो ऐकवला होता. त्याचं इथरनेट असंच मधेच जायचं. त्यानं काय केलं, पिंगचं उत्तर आलं की कॉम्प्युटरनं तोंडानं "पिंग" म्हणावं अशी जोडणी केली, ती ऑफिसातल्या स्टिरिओला लावली आणि आवाज पूर्ण वाढवला. मग तो "पिंग, पिंग, पिंग" ऐकत इमारतभर फिरला आणि एकेक कनेक्टर हलवत गेला. एका ठिकाणी हात लावला आणि आवाज बंद! सापडला चोर.

मीही पिंग लावून बसायचे. सकाळी दहाला एकही उत्तर चुकायचं नाही. अकरानंतर चार-पाच गळायची, मग पुन्हा सुरळीत. त्यावरून मी निष्कर्ष काढला की कुठेतरी जोड सैल आहे. आता कळतं की सेकंदाला एक इवलंसं पाकीट पाठवून नेटवर्क तपासणं म्हणजे पहाटे पाचला सायकलवरून पुलावर चक्कर मारून "ट्रॅफिक कुठाय?" विचारणं.

चला, बर्कलीला परत जाऊ.

इंटरनेटवर माहिती अख्खी जात नाही, तिची छोटी छोटी पाकिटं होतात, हे तुम्ही कधीतरी ऐकलं असेल. ही पाकिटं पोचवायची जबाबदारी घेणारा करार म्हणजे टीसीपी. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी त्याची कल्पना १९७४ साली मांडली, आणि १ जानेवारी १९८३ ला अमेरिकेतलं आर्पानेट हे नेटवर्क अधिकृतपणे त्यावर गेलं. करार तसा आपल्या रजिस्टर पोस्टासारखा आहे. पाकीट पाठवायचं, पोचपावतीची वाट बघायची. ठरावीक वेळात पोचपावती आली नाही तर पाकीट वाटेत हरवलं असं समजायचं आणि पुन्हा पाठवायचं.

यात चूक काय आहे? काहीच नाही. वायरमध्ये खरखर असेल, एखादं पाकीट खराब झालं असेल, तर हा नियम उत्तम. पण समजा पाकीट हरवलेलं नाही, ते फक्त रांगेत अडकलंय. पाठवणाऱ्याला ते दिसत नाही. त्यानं दुसरं पाठवलं. आता रांगेत एकाच मजकुराची दोन पाकिटं. रांग वाढली, म्हणून आणखी उशीर. आणखी उशीर झाला म्हणून आणखी पाकिटं. तत्काळचं तिकीट काढताना पान हललं नाही की आपण काय करतो? पुन्हा दाबतो. लाखभर लोक पुन्हा दाबतात. आणि मग पान अजिबातच हलत नाही.

हे होणार असं एका माणसानं आधीच लिहून ठेवलं होतं. जॉन नेगल, फोर्ड एरोस्पेस कंपनीत काम करणारे. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी आरएफसी ८९६ नावाचं टिपण प्रसिद्ध केलं. कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कवर त्यांनी हा प्रकार पाहिला होता. त्याला त्यांनी नाव दिलं कंजेशन कोलॅप्स, आपण कोंडीनं कोलमडणं म्हणू. नेगल यांच्या टिपणातली धडकी भरवणारी गोष्ट अशी, की ही अवस्था एकदा आली की टिकून राहते. ज्या गर्दीनं कोंडी झाली ती गर्दी ओसरली तरी कोंडी सुटत नाही, कारण आता जुन्याच पाकिटांच्या नकला रस्ता अडवून बसलेल्या असतात. आर्पानेटवर हे अजून फारसं दिसलेलं नाही, त्याचं कारण तिथे अजून मोकळी जागा भरपूर आहे, असंही त्यांनी लिहिलं होतं. ती जागा भरायला पावणेतीन वर्षं लागली.

टेकडीवरच्या प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन होते. खाली विद्यापीठात माइक कॅरल्स. कॅरल्स ज्या गटात होते तो गट बर्कली युनिक्स तयार करायचा, आणि त्या काळात विद्यापीठांमधल्या कितीतरी कॉम्प्युटरवर जे टीसीपी चालायचं ते याच गटाचं. त्याची नवी आवृत्ती ४.३ बीएसडी जून १९८६ मध्ये बाहेर पडली होती, कोंडीच्या चारच महिने आधी. म्हणजे बघा, नेट ज्या दोन इमारतींच्या मधे अडलं होतं त्यातल्या एका इमारतीतच ते सॉफ्टवेअर लिहिलं गेलं होतं.

मला या दोघांचं कौतुक इथे वाटतं. चारशे यार्ड वायर तपासून, मधल्या यंत्रांना दोष देऊन मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, आपल्याच टीसीपीचं काही चुकतंय का? आणि दुसरा, नेटवर्क एवढं वाईट असलं तरी त्याला याहून चांगलं वागायला शिकवता येईल का? दोन्हींचं उत्तर हो आलं. पण लगेच आलं नाही. जेकबसन यांनी पुढे सांगितलंय की हे का बिघडतंय हे बरेच दिवस त्यांना उमगत नव्हतं. मग लक्षात आलं, की मुळात हे आजवर चालत कसं होतं हेच आपल्याला कळलेलं नाही. प्रश्न उलटा केल्यावर गाठ सुटायला लागली.

त्यांनी एकेक पाकीट कधी निघालं, कधी पोचलं याच्या नोंदी घेतल्या आणि त्यांचे आलेख काढले. याच काळात याच प्रयोगशाळेतून ट्रेसरूट आणि टीसीपीडम्प ही दोन साधनं बाहेर पडली, आजही नेटवर्कवाल्यांच्या रोजच्या वापरातली. जेकबसन आणि कॅरल्स यांच्या १९८८ च्या निबंधातला एक आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसू आलं आणि मग वाईट वाटलं. दोन कॉम्प्युटर, मधे एक हळू लाइन. पाठवणारा तेच ते पुन्हा पाठवतोय. जवळजवळ प्रत्येक तुकडा किमान दोनदा गेलाय, ५४ ते ५८ केबीच्या दरम्यानचा तुकडा तर पाच वेळा. उपलब्ध वेगापैकी जेमतेम ३५ टक्के कामी आला. बाकी सगळं पुनरावृत्तीत वाया.

का होत होतं असं? दोन ठळक कारणं होती.

पहिलं, सुरुवातीचा उतावीळपणा. कॉम्प्युटर ज्या स्थानिक इथरनेटवर होते त्याचा वेग सेकंदाला १ कोटी बिट. बाहेर जाणारी आर्पानेटची लाइन ५६ हजार बिटची. म्हणजे जवळजवळ १८० पटींचा फरक. तेलाच्या डब्यातून बारीक तोंडाच्या बाटलीत तेल ओतताना आपण नरसाळं लावतो ना? मधली गेटवे यंत्रं म्हणजे हे नरसाळं. आणि टीसीपी काय करायचं, जोडणी झाली रे झाली की परवानगी असेल तेवढं सगळं एकदम ओतायचं. नरसाळं भरून वाहायचं. सांडलेल्या तेलाची पोचपावती येणार कुठून? मग तेवढंच तेल पुन्हा एकदम ओतायचं.

दुसरं कारण घड्याळाचं. पोचपावतीची वाट किती वेळ बघायची, हा टीसीपीचा सगळ्यात नाजूक निर्णय. जुना नियम म्हणायचा, आजवर सरासरी किती वेळ लागतोय ते बघा आणि त्याच्या साधारण दुप्पट थांबा. आता तुमच्या स्टॉपवर एसटी सरासरी वीस मिनिटांनी येते असं समजा. एरवी ठीक आहे. पण बाजाराच्या दिवशी ती कधी पाच मिनिटांत येते, कधी तासाभरानं. त्या दिवशी सरासरीवर विसंबून चाळीस मिनिटांनी "रद्द झाली" म्हणून निघून गेलात तर फसाल. गर्दी वाढते तशी सरासरी तर वाढतेच, पण चढउतार फार जास्त वाढतात. जेकबसन यांनी दाखवलं की दुपटीचा नियम जास्तीत जास्त ३० टक्के गर्दीपर्यंत पुरतो. त्यापुढे टीसीपी अशी पाकिटं पुन्हा पाठवायला लागतं जी हरवलेलीच नाहीत, फक्त वाटेत आहेत. म्हणजे नेटवर्कला श्वास घ्यायची गरज असते नेमकं तेव्हाच आपण त्याच्या छातीवर बसतो. उपाय असा काढला, सरासरीबरोबर चढउतारही मोजा, आणि एस्टी बेभरवशाची असेल तेव्हा जास्त वेळ थांबा. हे गणित इतकं स्वस्तात बसवलं होतं की त्या काळच्या मंद कॉम्प्युटरवरही त्याचं ओझं होत नव्हतं.

आणि उतावीळपणावरचा उपाय? एकच पाकीट पाठवा. पोचपावती आली की दोन. त्या आल्या की चार, मग आठ. नरसाळ्यात आधी थेंब टाकून अंदाज घ्यायचा. याला म्हणतात स्लो स्टार्ट. नाव थोडं फसवं आहे, कारण दर फेरीला दुप्पट होणारी गोष्ट काही हळू नसते. जेकबसन यांनी आधी त्याला सॉफ्ट स्टार्ट म्हटलं होतं. मार्च १९८७ मध्ये एका मेलमध्ये स्लो स्टार्ट हे नाव सुचवलं ते त्याच नेगल यांनी, ज्यांनी धोक्याची घंटा वाजवली होती. बारसं करायला तेच आले.

मग मुख्य नियम. पाकीट गळलं की समजायचं वाटेत कोंडी आहे, आणि आपला वेग निम्म्यावर आणायचा. नंतर प्रत्येक फेरीला एकेक पाकीट वाढवत हळूहळू वर जायचं. पुन्हा गळलं, पुन्हा निम्मं. आलेख काढला तर करवतीच्या दातांसारखा दिसतो. माघार झटक्यात घ्यायची, पुढे सरकायचं ते दबकत. ऑगस्ट १९८८ मध्ये स्टॅनफर्डला झालेल्या सिगकॉम परिषदेत हा निबंध मांडला गेला. त्याच परिषदेत के. के. रामकृष्णन आणि राज जैन यांचाही निबंध होता, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधल्या कामावरचा. त्यांची वाट वेगळी होती. रांग वाढली की मधल्या यंत्रानंच पाकिटावर एक खूण करावी, ती खूण बघून पाठवणाऱ्यानं वेग कमी करावा. पाकीट गळेपर्यंत थांबायचंच कशाला? मला विचाराल तर कल्पना म्हणून हीच जास्त देखणी. पण तिच्यासाठी मधली यंत्रं बदलायला लागतात, आणि जेकबसन यांच्या उपायाला फक्त दोन टोकं बदलली की पुरत होती. जगभरची नरसाळी बदलत बसण्यापेक्षा ओतणाऱ्याचा हात बदलणं सोपं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मधे पोलीस कुणीच नाही. वेग कमी करा असं सांगणारा, न केल्यास दंड करणारा कुणी नाही. प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःहून माघार घेतो. मग लोकांनी हे स्वीकारलं का? सगळे सज्जन होते म्हणून? थोडंफार तेही असेल, तेव्हाचं इंटरनेट लहान होतं, लोक एकमेकांना ओळखायचे. पण मला खरं कारण वेगळं वाटतं. नवीन टीसीपी बसवलं की तुमची स्वतःची कामंही वेगानं व्हायची, कारण तेच तेच पाच वेळा पाठवणं थांबायचं. स्वार्थ आणि शहाणपण एकाच बाजूला उभे राहण्याचा योग रोज येत नाही. जून १९८८ मध्ये बर्कली युनिक्सच्या टाहो आवृत्तीत हे बदल आले, आणि ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ नं इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरसाठी ते बंधनकारक केले.

या सगळ्या काळात आपण कुठे होतो? योगायोग असा की १९८६ हेच साल भारतात अर्नेट सुरू होण्याचं. इलेक्ट्रॉनिक्स खात्याचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा हा उपक्रम. मुंबईत त्यात जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईचं आयआयटी होतं. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. म्हणजे आपल्या घरात मोडेम कुरकुरायला लागला तोपर्यंत करवतीचे दात बसवून झाले होते.

गोष्ट इथे संपली नाही म्हणा. पाकीट गळलं म्हणजे कोंडी, हा नियम वायरच्या जगातला. तिथे पाकिटं खराब होऊन गळण्याचं प्रमाण नगण्य असतं. मोबाइलवर मात्र लिफ्टचं दार बंद झालं तरी पाकीट गळतं. तिथे कोंडी नसते, नुसता लोखंडी दरवाजा असतो. म्हणून मोबाइल टॉवर आणि फोन आपसात गुपचूप पुन्हा पाठवापाठवी करून गळती झाकतात, टीसीपीला कळूच देत नाहीत. दुसरी गंमत, मेमरी स्वस्त झाली तशी राउटर बनवणाऱ्यांनी नरसाळी अवाढव्य केली. आता तेल सांडत नाही, पण तळाशी पोचायलाच वेळ लागतो. घरात कुणी मोठी फाइल अपलोड करायला लावली की तुमचा व्हिडिओ कॉल अडखळतो, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. जिम गेटिस यांनी २०१० मध्ये याला बफरब्लोट नाव दिलं. त्यावर २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स यांच्याबरोबर उपाय सुचवणाऱ्यांत पुन्हा व्हॅन जेकबसन. आणि २०१६ मध्ये गूगलमधल्या सहकाऱ्यांबरोबर गळतीवर अवलंबून न राहता वेग ठरवणारी बीबीआर ही नवी पद्धत मांडणाऱ्यांतही तेच. एका माणसानं एका प्रश्नाचा किती वर्षं पाठपुरावा करावा!

आता माझी कबुली पुरी करते.

जेकबसन आणि कॅरल्स यांचा निबंध मी त्या कॉलेजातच वाचला, रात्री, कंटाळा आला म्हणून. "आपल्याच टीसीपीचं चुकतंय का" या जागी थांबले. तोवर मी तीन आठवडे फायबर, कन्व्हर्टर, काका यांच्याकडेच बोट दाखवत होते. आपल्या बाजूचा स्विच मी उघडून बघितलाच नव्हता, कारण तो मी स्वतः बसवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाही, मुद्दाम सव्वाअकराला बघितला. स्विचच्या आतल्या नोंदींमध्ये एक आकडा असतो, मोडक्यातोडक्या आलेल्या पाकिटांचा. सीआरसी एरर म्हणतात. फायबरकडे जाणाऱ्या पोर्टचा तो आकडा माझ्या डोळ्यांदेखत चढत होता. बाजूच्या सगळ्या पोर्टवर शून्य. आणि वर, सेटिंगमध्ये, माझ्याच हातानं निवडलेलं "१००, फुल डुप्लेक्स".

म्हणजे काय ते सांगते. दोन यंत्रं जोडली की ती आपसात ठरवतात, आपण फोनसारखं एकाच वेळी बोलू-ऐकू शकतो की वॉकीटॉकीसारखं आळीपाळीनं. ही बोलणी आपोआप होतात. पण मला कुणीतरी सांगितलं होतं की आपोआपवर भरवसा ठेवू नये, पक्कं करून टाकावं. मी माझ्या बाजूनं फुल पक्कं केलं, त्यामुळे माझा स्विच बोलणी करेनासा झाला. समोरच्या कन्व्हर्टरला कुणी विचारत नाहीसं दिसलं, त्यानं नियमाप्रमाणे गृहीत धरलं की आळीपाळीनं बोलायचंय. वर्दळ कमी असताना दोघं एकदम बोलायचा प्रसंगच यायचा नाही. अकरा वाजता दोन्हीकडून पाकिटं सुटली की माझा स्विच बिनधास्त बोलत राहायचा, आणि कन्व्हर्टर आपलं वाक्य अर्धवट तोडून गप्प बसायचा. तुटलेली वाक्यं म्हणजेच तो चढणारा आकडा. वर टीसीपी बिचारं समजायचं की कोंडी आहे, आणि शहाण्यासारखं वेग कमी करत बसायचं. काकांनी कन्व्हर्टर बदलला तरी फरक का पडला नाही तेही उमगलं. नवा डबासुद्धा माझ्याच स्विचला जोडला जात होता.

सेटिंग आपोआपवर टाकलं. दोन सेकंदांचं काम. त्या दिवशी अकरानंतर फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

संध्याकाळी काकांच्या दुकानात गेले. ते कुणाच्या तरी मिक्सरची वायर बदलत होते. मी सगळं सांगितलं, डुप्लेक्स वगैरे समजावून. त्यांनी शांतपणे ऐकलं, स्क्रू आवळला, मिक्सर एकदा फिरवून बघितला, आणि म्हणाले, "मॅडम, लाइनमध्ये दोष आहे असं तुम्ही लिहून दिलं होतंत. आता हेही लिहून द्या."

स्विचचं सेटिंग बदलायला दोन सेकंद लागले होते. ते पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. प्राचार्यांच्या टेबलावर ते ठेवलं, त्यांनी वाचलं, चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता अकाउंट सेक्शनला फोन लावला. काकांचं बिल दिवाळीच्या आधी निघालं. टोकं पुन्हा जोडायला घातलेला त्यांचा खर्च मात्र बिलात नव्हता. तो मी माझ्या पगारातून द्यायला गेले तेव्हा त्यांनी घेतला नाही, चहा पाजला.

भेटू पुढच्या भागात.